आप्पांच्या कम्प्युटरला नवी रॅम

आप्पांचा कम्प्युटर सुरू केला की त्याला जागं व्हायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात माझा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. मग पडदा उजळायचा. त्यावर आप्पांनी एखाद्या चादरीची नक्षी उघडली की पुन्हा सगळं ठप्प. माझे वडील जन्मभर जकार्ड चादरींची डिझाईनं काढत आले. आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून, आणि पुढं कारखानदारांनी धोशा लावला तेव्हा माऊस हातात धरून. त्या वयात ते शिकले याचा मला कोण अभिमान. पण ज्या कम्प्युटरवर शिकले, त्यालाच धरून बसले. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली तो असायचा. त्याचा मूळचा पांढरा रंग तो नवा असताना पाहिलेल्यांनाच आठवत असेल, असं मी म्हणायची.

अव्वा, म्हणजे आमची आई, गेल्या हिवाळ्यात गेली. सगळे विधी आटोपले आणि पुण्याला असतो तो माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आप्पांना एकटं ठेवायचं नाही. मी घेऊन जातो." त्याचं काही चूक नव्हतं. पण मी दोन गल्ल्या सोडून राहते, रोज डबा घेऊन जाते, मग एकटे कसे? खरं सांगायचं तर आप्पा गेले की मला माहेर उरणार नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं माहेरासाठी रडू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

दोघांच्या ओढाताणीत आप्पांनीच तोड काढली. "हातात काम हाय तवर मी हितनं हलणार न्हाय. काम संपलं की बघू."

भाऊ एकटाच पुण्याला परतला. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला नारळ बोलले. पण काम तरी कुठं फार उरलं होतं! एक जुने कारखानदार तेवढे आप्पांना अजून डिझाईनं सांगायचे, आणि आता त्यांचाही फोन यायला लागला होता. "आप्पा, लई उशीर व्हायलाय. तिकडं माग थांबून राहत्यात." आदर होता म्हणून एवढंच म्हणायचे. तो आदर कधी संपेल याची मला धास्ती. आप्पांचं राहणं कामावर, आणि काम त्या खटाऱ्यावर. मी ठरवलं, खटारा पळवायचा.

नवा घेऊ म्हटलं तर आप्पा ऐकेनात. त्यांचा डिझाईनचा प्रोग्राम म्हणे याच कम्प्युटरवर चालतो. मग कुणीतरी सुचवलं, त्यात रॅम वाढवा. मी दुकानं पालथी घातली. असली रॅम मागितली की दुकानदार माझ्याकडं असं बघायचे, जणू मी वातीच्या स्टोव्हच्या वाती मागत होते. शेवटी एका दुरुस्तीवाल्यानं भंगारातल्या कुठल्याशा कम्प्युटरमधून त्याच जातीची एक पट्टी मिळवली, पहिलीपेक्षा बरीच मोठी, आणि घरी येऊन बसवून देतो म्हणाला.

तो आला, आप्पांच्या टेबलाशी मांडी घालून बसला, कम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढले, बाजूचा पत्रा उचलला आणि नुसता बघतच राहिला.

"मॅडम, हे सीपीयू हाय का देव्हारा?"

आत धूळ होती, ती असणारच. पण ती धूळ करडी नव्हती. लालसर होती, आणि पंख्याच्या पात्यांवर पांढरी विभूती बसलेली. एका कोपऱ्यात झेंडूची वाळकी पाकळी, तारांमध्ये अडकलेला तांदळाचा दाणा.

माझ्या लगेच लक्षात आलं. खंडेनवमीला सोलापुरात माग थांबवतात, धुतात, पुजतात. आमच्या घरात माग नव्हता, आप्पांचं हत्यार म्हणजे हा कम्प्युटर. अव्वा दरवर्षी त्याला विभूतीचे तीन पट्टे ओढायची आणि पुढच्या बारीक भोकांवर चिमूट चिमूट कुंकू वाहायची. ती भोकं म्हणजे त्याचं तोंड, हे तिनंच ठरवलेलं. आणि हे सगळं तो चालू ठेवून. मी कितीदा सांगितलं, "अव्वा, आधी बंद कर गं." तर म्हणायची, "डोळं मिटल्याल्या देवाची पूजा करत्यात व्हय?" त्यामुळं ती कुंकू वाहायची आणि आतला पंखा ते भक्तिभावानं ओढून घ्यायचा.

रॅम जिथं बसवायची त्या खाचेतही विभूती घट्ट बसली होती. दुरुस्तीवाल्यानं पट्टीची सोनेरी कड खोडरबरानं घासून पाहिली, दाबून बसवली. कम्प्युटर नुसताच टूं टूं करत राहिला, पडदा काळाच.

"ब्लोअर मारावा लागंल," तो म्हणाला. "अंगणात नेतो."

आप्पा खुर्चीतून वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "समदं काढावं लागंल का?"

"लागंल की आप्पा. ठेवलं तर जळंल एक दिवस."

आप्पा उठले. आतल्या पत्र्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, बोटाला आलेलं कपाळाला लावलं आणि म्हणाले, "घ्या."

अंगणात ब्लोअर घरघरला आणि एक लालसर ढग उठून फरशीवर बसला. दुरुस्तीवाला शिंकत सुटला. मी बादली घेतली, फडकं घेतलं आणि पुसायला लागले. दुसरं काय करणार, पायानं घरभर गेलं असतं. पण बादलीतलं गुलाबी पाणी मोरीत ओतताना मला एकदम रडू फुटलं. इतक्या वर्षांचं अव्वाच्या हातचं कुंकू ते, आणि मीच ते मोरीत ओतत होते. आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून मी उगाच दोन भांडी आपटली.

साफसफाई झाल्यावर मात्र पट्टी नीट बसली. बटण दाबलं, आणि आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत कम्प्युटर तयार. मोठ्यातली मोठी नक्षी, मोरांची, किनारीसकट, क्षणात पडद्यावर पसरली. आप्पा दचकलेच. मला तर आभाळ ठेंगणं झालं. दुरुस्तीवाला गल्लीच्या टोकाला पोचला नसेल, तोवर मी पुण्याला फोन लावून भावाला ऐकवलं, "आता आप्पांच्या हातून भरपूर काम होणार आहे. तो विषय बंद."

त्यानंतरचे काही दिवस मी डबा घेऊन गेले की आप्पा पडद्यासमोर वाकलेले दिसायचे. कारखानदार खूष. अडकून पडलेली डिझाईनं भराभर हातावेगळी होत होती. मी मैत्रिणींना सांगत सुटले होते, वडील या वयात कसे झपाट्यानं काम करतात ते.

मग एका दुपारी गेले तर कम्प्युटर बंद होता. वर धुतलेला टॉवेल झाकलेला. आप्पा खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते.

"झालं का सगळं?"

"झालं."

"मग अजून मागा की त्यांच्याकडं."

"मागितलं तर देतील. पर नगं."

मी डबा उघडता उघडता थांबले. आप्पा माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"आधी हे अडकायचं, तवा मी खुर्ची वळवायचो. तुझी अव्वा हितं पलंगावर बसल्याली असायची, भाजी निवडत. मग काय बी बोलायचं. कुणाचं लगीन ठरलं, दोडका कडू निघाला, ह्या चादरीला हिरवा शोभंल का. हे चालू झालं की तीच म्हणायची, 'बघा, आलं तुमचं,' आन् उठून आत जायची. सारा संसार असाच बोललो बघ आमी. एरवी मला कुटं बोलायला येतंय?"

येत नव्हतं, हे खरं.

"ती गेली तरी मी वळायचो. अडकलं की वळायचो आन् बोलायचो. रिकाम्या पलंगाशी बोलायला कारण लागतंय, पोरी. नुसतं बसून बोललो तर खुळा झाला म्हणतील, मला सुद्धा तसंच वाटंल. वाट बघता बघता बोललं तर चालतंय. आता हे अडकतच न्हाय. दाबलं की हजर. दिवसभर काम व्हतंय, आन् दिवा लावताना ध्यानात येतंय, आज तिच्याशी बोललोच न्हाय."

काही सुचेनासं झालं की मी तावातावानं बोलते, ही माझी जुनी खोड. "काढून टाकू ती पट्टी! आत्ता बोलावते त्याला. जुनीच बसवू परत, होता तसा करू."

आप्पा हसले. अव्वा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"मग ते मुद्दाम अडकवल्यालं असंल की. मला ठाऊक असंल. तसं कसं बोलू तिच्याशी?"

मी भाकरी ताटात वाढली. ते जेवले, माझ्या समाधानासाठी भाजी दोनदा मागून घेतली. हात धुऊन आले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"साकु," ते कानडीत म्हणाले, म्हणजे पुरे. "काम संपलं. पुण्याला फोन लाव."

मी म्हटलं, उद्या लावते. ते म्हणाले, आत्ताच लाव. मी म्हटलं, तो ऑफिसात असेल. ते म्हणाले, असू दे. मग लावला.

भावाचा आवाज एकदम हलका झाला. किती दिवसांची काळजी उतरली असेल बिचाऱ्याच्या डोक्यावरून. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला, आप्पांची खोली तयारच आहे म्हणाला.

"मला वाटलं होतं ते ऐकणारच नाहीत," तो म्हणाला. "अक्का, हे तुलाच जमलं बघ."

"हो," मी म्हणाले. "मीच केलं."