एका फ्रीजचा विकासदर

देशाची खरी प्रगती राजधानीत नव्हे, तर शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर मोजली जाते. सांगलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला म्हणत असे आणि म्हणून झाल्यावर क्षणभर खिडकीबाहेर पाहत असे. प्रत्यक्ष उंबऱ्यावर जायची वेळ आली, तेव्हा मी प्राचार्यांकडे आधी कॉलेजची गाडी मागितली.

मिळाली नाही. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेला आपल्या भागातली गरिबी मोजून हवी होती. उत्पन्न विचारायचं नव्हतं, कारण ते कुणीच खरं सांगत नाही हे त्यांनाही कळून चुकलं होतं. त्याऐवजी घरात काय काय आहे ते पाहून फॉर्म भरायचा. फरशी कसली, स्वयंपाक कशावर, पाणी कुठून, संडास, फ्रीज, दुचाकी. जितकं कमी, तितकं घर गरीब.

एका रविवारी सकाळी मी आणि संख्याशास्त्राच्या मॅडम एसटीनं कुंडलच्या पलीकडल्या एका गावात उतरलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडमना परतताना एका बारशाला जायचं होतं, म्हणून त्या काठापदराच्या साडीत होत्या. पन्नाशीची दोन बरी माणसं न कळवता येतात आणि घरात काय आहे ते विचारतात, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. मुलीकडची माणसं आली. स्थळ सांगून आलं की सांगणाऱ्यावर भरवसा न ठेवता एक दिवस गुपचूप जाऊन मुलाचं घर बघून यायचं, ही इकडची जुनी रीत. माझे सासरे असेच आले होते आणि आमच्या दारातली म्हैस आमचीच आहे का, हे त्यांनी समोरच्या दुकानात विचारून घेतलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मी विकास मोजत असल्यामुळे ते सुचलं नाही.

पहिल्याच घरात एक आई आणि तिचा चौतिशीचा मुलगा होता. ऊस होता, विहीर होती, पण पोरी आता पुण्याची नोकरी बघतात. वर्षभर वाट पाहून एक स्थळ आलं होतं. आष्ट्याची माणसं कुठल्याही दिवशी येतील, असा मध्यस्थाचा निरोप होता. हे अर्थातच आम्हाला नंतर कळलं.

"सांगलीहून आलोय. घराची थोडी माहिती हवी होती," मी म्हणालो.

"इचारा की! आमच्यात लपवायचं काय हाय?" असं म्हणत आईनं मुलाकडे एक नजर टाकली. मुलगा मागच्या दारानं नाहीसा झाला.

"स्वयंपाक कशावर करता?"

"ग्यासवर. सुनंनं धूर कशाला खायाचा?"

"संडास?"

"आत बी हाय, भायेर बी हाय. बगून घ्या."

मॅडमनी बघून घेतला.

"फ्रीज आहे?"

"हाय की. येतोय."

"येतोय?"

"म्हंजी धुवाय काढलाय वो."

तेवढ्यात परसातून फ्रीज आला. चौघांनी तो उचलला होता, दार टॉवेलनं बांधलं होतं आणि दारावर शेजाऱ्यांच्या नातवाचा फोटो होता. मागून वॉशिंग मशीन आलं, त्यामागून बुलेट. आर्थिक वाढ मी आजवर आलेखातच पाहिली होती. परसातून चालत येताना प्रथमच पाहिली.

पुढचं घर त्याच शेजाऱ्यांचं. तिथं भिंतीशी फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीहून स्वच्छ होता आणि दुधाचं पातेलं पाण्याच्या बादलीत बसवलं होतं.

"फ्रीज?"

"न्हाई," शेजारीण चौकोनाकडे न बघता म्हणाली. "आमास्नी गार सोसत न्हाई." मग मॅडमजवळ सरकून म्हणाली, "पोरगा लय गुणाचा हाय वो. आमची म्हैस अडली तवा त्येनंच सोडवली."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, असं मॅडमनी मला विचारलं.

पहिल्या घरी सही घ्यायची राहिली होती, म्हणून परत गेलो. सहीआधी वाचून दाखवायचा मजकूर मॅडमनी वाचला. ही माहिती गरिबीच्या अभ्यासासाठी आहे, वगैरे.

"म्हंजी तुमी मुलीकडचं न्हाई?"

"आम्ही कॉलेजचे."

"आन् गरिबीचं हाय व्हय! आदी न्हाई का सांगायचं, सर! आरं, न्या रं त्यो फ्रीज! गाडी बी न्या! खोडा, सर, समदं खोडा. ग्यास बी खोडा."

मी खोडलं. चहा निवायच्या आत एक सुखवस्तू कुटुंब दारिद्र्यरेषेखाली गेलं. ना दुष्काळ, ना युद्ध. दारिद्र्याची कारणं मी आयुष्यभर शिकवली, त्यांत हे नव्हतं.

आणि तेव्हाच दारात जीप थांबली. आष्ट्याहून मुलीचे वडील आणि चुलते उतरले. त्यांना दिसलं ते असं: फ्रीज घराबाहेर चाललाय, मागं वॉशिंग मशीन, आणि ओसरीवर दोन माणसं कागद-पेन घेऊन बसलीत.

"जप्ती आलीया काय?" चुलत्यांनी विचारलं.

आई माझ्याजवळ सरकली. मग हळूच मला म्हणाली, "सर, तुमी शिकल्यालं हाय. तुमीच सांगा की."

अर्थतज्ज्ञाची इतकी गरज कुणाला पडलेली मी पाहिली नव्हती. मी उभा राहिलो आणि फॉर्म वाचू लागलो. फरशी, गॅस, संडास आत, संडास बाहेर.

चुलते माझ्या खांद्यावरून डोकावले. "हे तर खोडलंय."

"हो, पण ते खरं आहे."

"मग खरं कशापायी खोडलं?"

याचं उत्तर अर्थशास्त्रात नाही. मुलगाच फ्रीजचा कोपरा खांद्यावर घेऊन म्हणाला, "काका, ह्यो शेजारच्यांचा हाय. आमच्यात फ्रीजच न्हाई."

आईनं कपाळाला हात लावला.

मुलीचे वडील ओसरीवर चढले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, डोक्यावर धरला आणि ओसरीवरून स्वयंपाकघरात, तिथून गोठ्यात, गोठ्यातून उसाच्या बांधापर्यंत फिरून आले. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते.

"पोरगी पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून करती," ते परत येऊन म्हणाले. "तिनं येवढंच बगून याय सांगितलंय. रेंज फुल्ल हाय."

टॉवर उसामागंच होता. आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

उन्हाळ्यात लग्न झालं. दिवाळीनंतर कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात यायला सांगितलं. नवरा-बायको आता पुण्यात भाड्याच्या एका खोलीत राहतात आणि त्यांना पाणी टँकरनं येतं. आमच्या निकषांप्रमाणे ते गरीब आहेत.