व्याह्यांचे आभाळाकडे कान

दोन हजार पंचवीस साली मी एक्याऐंशी वर्षांचा होतो, आणि एवढ्या आयुष्यात आमच्या धारच्या व्याह्यांसारखा माणूस मी पाहिला नाही. युद्ध नको म्हणून ते कोणाशीही युद्ध करायचे. मी चौथीपर्यंत शिकलेला, देवासला पिठाची चक्की चालवली, वादात कोणाला हार गेलो नाही. यांनाही गेलो नाही, पण दमलो.

त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे माझा जावई, फौजेत. पलीकडून येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या तुकडीत, पश्चिम सीमेवर. माझी मुलगी धारला सासऱ्यांपाशी. मुलगा त्या तुकडीत गेला तेव्हापासून व्याह्यांना दुसरा विषय नाही. बसमध्ये शेजारी कोण बसलंय हे न बघता विचारायचे, "बता भिया, सौ आए, निन्यानवे गिरा दिए. सौवां किसके घर जाएगा?" तो बिचारा आपल्या गावाआधीच उतरून जायचा. मी म्हणायचो, ढाल ती ढाल, असलेली बरी. त्यावर ते म्हणत, "ज्याला वाटतं आपल्याला लागणार नाही, तो आधी हात उचलतो, व्याही!" एकदा तर मला भर अंगणात छत्री उघडून उभं केलं आणि गच्चीवरून ओंजळभर सुपाऱ्या सोडल्या. "किती अडल्या?" मी म्हणालो, "सगळ्या." हे सांगायला छत्री जरा मागे केली, तर राहिलेली एक कपाळावर बसली. टेंगूळ आलं. ते वरून आनंदाने ओरडले, "हीच ती!"

राष्ट्रं का लढतात, याचं उत्तर ते आमच्या मुलांच्या लग्नावरून देत. देवासची पूर्वी दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती. हद्द गावाच्या मधूनच गेलेली. सीमांतपूजनाला वराकडच्यांना गावाच्या हद्दीवर सामोरं जायचं. आमचे आजोबा धाकट्या पातीच्या पागेत, म्हणून मी ताट घेऊन धाकटीच्या हद्दीवर उभा. व्याह्यांचं म्हणणं, आमच्या घराण्याचा मान थोरलीच्या हद्दीवर. ते वऱ्हाड घेऊन तिकडे उभे. दोन्ही संस्थानं विलीन होऊन किती वर्षं झाली, पण ना ते हलले, ना मी. ऊन चढलं, निरांजन विझलं, मुहूर्त टळायला आला. शेवटी नवरदेव एकटाच रिक्षात बसून मांडवात पोचला. "युद्ध असंच होतं," व्याही सांगत. "लग्न दोघांनाही हवं होतं!" मला हे पटतं, मात्र हद्द धाकटीचीच खरी, हे मी आजही म्हणेन.

त्या वर्षी मे महिन्यात सीमेवर पेटलं आणि जावयाचे फोन बंद झाले. मी धारला गेलो. भर दुपार, लू वाहतेय, आणि घरात एकही पंखा चालू नाही. भिंतीवरचं घड्याळ काढून गादीत गुंडाळलेलं. मुलीने बांगड्यांना रुमाल बांधलेला. ती कुजबुजली, "बाबा, हळू. मामंजी ऐकतायत."

व्याही अंगणात पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. मी बाजूला बसलो. पुष्कळ वेळाने ते शांतपणे म्हणाले, "आता पडद्यासमोर बसला." मग, "पाणी मागतोय. कोणी देत नाही." असं बोलत होते जणू मुलगा शेजारच्या खोलीत आहे. मी थट्टा करणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. कडुनिंबावरचे सगळे पोपट एकदम उडाले, आणि एकही ओरडला नाही. कुत्रं खाटेखाली सरकलं. माझ्या तांब्यातलं पाणी थरथरलं. आवाज म्हणाल तर कसलाच नाही. "सुटलं," व्याही म्हणाले. मी भित्रा नाही, पण हातावरचे केस उभे राहिलेले मला दिसत होते.

दिवस कलताना फोन आला. जावईच होता. "आबा, एक आलं होतं दुपारी. आम्ही पाडलं. मी ठीक आहे." मुलगी रडायला लागली, मी देवाला हात जोडले. व्याह्यांनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या हातात दिला. "हा त्याचा आवाज नाही."

"मामंजी, असं काय करता, तेच आहेत!"

मी कान लावला. आवाज त्याचाच होता, पण रिकाम्या कोठीत तोंड घालून बोलल्यासारखा. मी विचारलं, "जेवलात का?" तो म्हणाला, "पाणी प्यायलो." अंगणातलं बोलणं मी त्याला सांगितलं नाही. आता वयाने मला पुष्कळ गोष्टी धूसर दिसतात, पण खाली मान घालून बसलेले व्याही अजून स्वच्छ दिसतात. मुलगा जिवंत होता, आणि वाद घालायला त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दाढीला घेऊन गेलो. न्हावी खुशीत होता. "काकासाब, अपनी ढाल ने तो कमाल कर दी! अब डर काहे का?" मी व्याह्यांकडे बघितलं. गालावर साबणाचा फेस, डोळे मिटलेले, एक शब्द नाही. मग मीच खुर्ची पुढे ओढली. "कमाल? अरे भिया, ढाल के पीछे जो लड़का बैठा है, उसको कौन-सी ढाल है, बता!" आणि त्यांची दाढी होईपर्यंत मी त्या न्हाव्याशी भांडत राहिलो, व्याह्यांच्या बाजूने.