घाईने वर आलेला माणूस

नागपूरच्या तांडापेठेत कवडू धकाते यांचा हातमाग होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी खालच्या पट्ट्या दाबायच्या आणि हातांनी सुताची कांडी बसवलेला धोटा आडवा फेकायचा, असं ते काम. त्यांचा एकुलता मुलगा श्रावण दोन वर्षं त्या खड्ड्यात बसला आणि कंटाळला. त्याला पाण्याचं वेड होतं. नाईक तलावात बुडी मारली की तो इतका वेळ खाली राहायचा की काठावर धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहायच्या. १९६५ साली, एकोणीस वर्षांचा असताना, घरात कुणालाही न विचारता तो नौदलात भरती झाला.

तिथे तो पाणबुड्या झाला. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल पाण्यात जायचं आणि बोटींचे तळ तपासायचे. मधल्या काळात उमरेडच्या पुष्पलताशी त्याचं लग्न झालं. पण ती तांडापेठेतच राहिली, सासऱ्यांसाठी सुताच्या कांड्या भरत. श्रावण वर्षातून एकदा यायचा. मूल झालं नाही.

१९८० साली नौदलातून सुटल्यावर तो घरी येईल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी पत्र आलं. एक कंपनी हौशी प्रवाशांना जहाजाने बेटांवर नेते, त्यांना पाण्याखालचं प्रवाळ दाखवायला जाणकार माणूस हवा आहे, आणि मी ते काम धरलं आहे.

"लोकायले पाण्याखाली मासे दाखवाची नोकरी?" कवडूजींनी पत्र ऐकून विचारलं. "असंही काम असते काय वं?"

पुष्पलताला तरी कुठे माहीत होतं? तिने पत्र घडी करून ठेवून दिलं.

फेब्रुवारी १९८४ मध्ये ते घडलं. त्या दिवशी श्रावण दोनदा खोल जाऊन आला होता. तिसऱ्या खेपेला मुंबईचे एक गृहस्थ त्याच्यासोबत उतरले. प्रवाळाची भिंत जिथे एकदम खाली तुटते तिथे जायचं नाही, असं सांगूनही ते गेले आणि भराभर खाली जाऊ लागले. श्रावणने त्यांना गाठलं तेव्हा ते घाबरून तोंडातली हवेची नळी ओढून काढत होते. अशा खोलीवरून टप्प्याटप्प्याने थांबत वर यायचं असतं, हे श्रावणइतकं तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने त्यांना काखेत धरलं आणि सरळ वर आणलं.

गृहस्थांना काही झालं नाही. ते थोडाच वेळ खाली होते. तासाभराने श्रावणचे खांदे दुखू लागले, मग पायांत मुंग्या आल्या. त्याला काय होतंय ते कळलं. "मला आजच्या आज कोचीनला न्या," तो म्हणाला. तिथे अशा रोग्याला दाबाखालच्या हवेत ठेवायची पोलादी खोली होती. पण प्रवाशांचा कार्यक्रम ठरलेला होता. जहाज दुसऱ्या दिवशी दुपारी सुटलं. ते पोहोचलं तेव्हा त्याचे पाय कमरेपासून गेले होते. महिनाभर उपचार झाले, पण पाय आले नाहीत.

नागपूर स्टेशनवर पुष्पलताने त्याला पाहिलं तेव्हा दोन हमाल त्याला खुर्चीत बसवून गाडीतून उतरवत होते. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आलो मी."

धंतोलीतल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही सांगता ते खरं आहे," ते म्हणाले. "पण मी हे फक्त पुस्तकात वाचलंय. असा पेशंट इथे कधी आला नाही. आता फार काही होणार नाही, असं मला वाटतं."

मोहल्ल्यात मात्र कुणाला ते पटेना. बुडाला नाही, पडला नाही, नुसता लवकर वर आला म्हणून माणसाचे पाय जातात? कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं करणी. एका दुपारी श्रावणने गोटीसोड्याची बाटली मागवली आणि वडिलांसमोर फोडली. बुडबुडे उसळून वर आले.

"खोल पाण्यात हवा अशीच रक्तात मुरते, बाबा. घाईनं वर आलं का तिचे असे बुडबुडे होतेत."

कवडूजी बाटलीकडे पाहत राहिले. "मंग हळू काहून नाई आला?"

"माणूस मरून राहिला होता ना, बाबा."

 पण दोन दिवसांनी ओट्यावर कुणीतरी विचारलं तेव्हा कवडूजी म्हणाले, "जहाजाच्या शिडीवरून पडला." आत खाटेवर श्रावणने ते ऐकलं.

त्यानंतर त्याने मुंबईच्या त्या गृहस्थांना पत्र लिहिलं. पत्ता त्याने कंपनीतल्या जुन्या सोबत्याकडून मिळवला. 'तुमच्याकडून काही नको. त्या दिवशी काय झालं ते चार ओळींत लिहून पाठवा. वडिलांना दाखवायचं आहे.' उत्तर आलं नाही. त्याने आणखी दोनदा लिहिलं, आणि मग लिहिणं सोडलं.

कवडूजींचे गुडघे थकले तसा माग थांबला. एके दिवशी पुष्पलता स्वतःच खड्ड्यात उतरली. "बाईमाणूस मागावर?" कवडूजी म्हणाले. "मंग कोन बसन, मामाजी?" तिने सासऱ्यांना विचारलं. ते उठून बाहेर गेले. श्रावण खाटेवर बसून तिच्यासाठी कांड्या भरू लागला. त्याचे हात चांगले होते. सुरुवातीला सूत तुटायचं, मग जमलं. दोघं दिवसभर एका खोलीत असत, पण बोलणं थोडंच व्हायचं. एकदा तिने विचारलं, "पाण्याखाली काय दिसे?"

"निळं," तो म्हणाला. त्याने पुढची कांडी उचलली. तिने पुन्हा विचारलं नाही.

पडून राहून झालेल्या पाठीच्या जखमा आणि लघवीचा त्रास वाढत गेला. १९८८च्या मार्चमध्ये संसर्ग मूत्रपिंडात उतरला, ताप चढला आणि आठ दिवसांत श्रावण गेला. वय बेचाळीस. मृत्यूचं कारण म्हणून कागदावर फक्त ताप लिहिला गेला.

अस्थी समुद्रात सोडाव्यात, असं नातेवाइकांत कुणी सुचवलं. समुद्रावरचा माणूस होता, म्हणाले. "नाई," पुष्पलता म्हणाली. "समुद्राकडं आता काहीच पाठवाचं नाई मले."

ती कवडूजींना घेऊन कन्हान नदीवर गेली. नदीत पाणी घोट्याएवढंच होतं, बाकी नुसती रेती. अस्थी वाहीनात. ती वाकली, आणि दोन्ही हातांनी पाणी लोटत अस्थी मधल्या वाहत्या धारेपर्यंत नेऊ लागली. कवडूजी काठावर बसून पाहत होते. मग तेही धोतर खोचून पाण्यात उतरले आणि तिच्याजवळ वाकून पाणी लोटू लागले.