हत्तीच्या कपाळावरचं कुंकू

आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना एजन्सीचा इतिहास लिहून हवा आहे, वेबसाइटवर टाकायला. त्यांच्या मते इतिहास म्हणजे आपण कोणकोणत्या कार्टूनचे हक्क मिळवले ते. मी म्हटलं, लिहीन, पण घालवलेल्या एका हत्तीपासून सुरुवात करीन. ती एकमेकांकडे बघून हसली. हसू देत. या वयात माझ्या नाकावरचा राग तेवढा कमी झालाय, हट्ट नाही.

आमचा धंदा काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. "चित्र तुमचं नाय, डबा तुमचा नाय, मग तुमचं हाय तरी काय?" असं ती विचारायची. बरोबरच होतं तिचं. टीव्हीवरचं एखादं लाडकं पात्र डब्यावर, दप्तरावर, चादरीवर छापायचं तर त्याच्या मालक कंपनीची परवानगी लागते. ती मिळवून द्यायची, माल नियमाप्रमाणे होतोय का ते बघायचं आणि आपला वाटा घ्यायचा. लग्न जमवणाऱ्यांसारखंच काम, फक्त वरात निघून गेल्यावरही आमची सुटका नसते.

एजन्सी सुरू केली बाईंनी. शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या, धंदा कोणी केलेला नाही. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, बाई मुंबईला एका कार्टून कंपनीच्या दारात जाऊन बसल्या. कारण काय, तर बाजारातल्या दप्तरांवरची चोरून छापलेली, डोळे तिरळे झालेली चित्रं त्यांना बघवत नसत. औरंगाबादच्या गुलमंडीत एका कापड दुकानाच्या माडीवर त्यांनी खोली घेतली आणि दारावर भलंमोठं इंग्रजी नाव रंगवलं. आत एक टेबल, एक फोन आणि मी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

मी करमाडहून एसटीनं यायची. पदवी होती, टायपिंग होतं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला असा स्वभाव होता. आधीची नोकरी त्या जिभेनंच गेली होती. बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बोल हवं तेवढं, पण आधी चहा घे." असं मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं.

पहिला हक्क मिळाला तो एका हत्तीच्या पिल्लाचा. तेव्हा औरंगाबादेत घरोघरी केबल आली होती आणि संध्याकाळी सगळी पोरं त्या हत्तीसमोर बसलेली असायची. त्याची दप्तरं बनवण्याचं लायसन्स आम्ही बजाजनगरच्या एका भाऊंना मिळवून दिलं. वाळूजमधला त्यांचा कारखाना बंद पडला होता. घरामागं पत्र्याची शेड टाकून ते आणि वहिनी दप्तरं शिवत, शेजारच्या बायका मदतीला येत. वहिनींचे दागिने त्या शिलाई मशिनींत गेले होते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल दुकानात गेला नाही तर शेडला कुलूप लागणार, हे उघड होतं.

पद्धत अशी असते, की आधी एक सॅम्पल करायचं. ते मुंबईला जातं, तिथं बघून त्यावर मंजुरीचा शिक्का मारतात आणि परत पाठवतात. मग त्या शिक्क्याच्या सॅम्पलबरहुकूम सगळा माल काढायचा. आमचं सॅम्पल मंजूर होऊन आलं त्या दिवशी बाईंना झालेला आनंद मी विसरणार नाही. आपल्याकडं नवी गाडी आली, नवी वही आली, की काय करतात? बाईंनी पेढे आणले, उदबत्ती लावली आणि दप्तराला हळदकुंकू वाहायला हात पुढं केला. दप्तरावर कुठं लावायचं हा प्रश्नच नव्हता. समोर हत्तीचं कपाळ होतं. चित्रकलेच्या बाईंचा हात, ओलं कुंकू. टिळा असा गोल उठला, की छापल्यासारखा.

भाऊ ते सॅम्पल घेऊन गेले. गुलमंडीमागच्या गल्लीत छपाई करणारे चाचा होते, त्यांच्याकडं दिलं. माल शिवून तयार झाल्यावर त्यावर कंपनीचे चकचकीत स्टिकर लावायला मी बजाजनगरला गेले आणि दारातच थबकले. शेडमध्ये छतापर्यंत दप्तरं, आणि प्रत्येक हत्तीच्या कपाळावर लालभडक कुंकू.

"भाऊ, हे काय?"

"काय?" भाऊ गोंधळले. "हत्ती म्हणल्यावर कुंकू आलंच की."

चाचांकडं धावले. ते शांतपणे म्हणाले, "यहाँ से बिना टीके का गया, टीका लगा के आया, ऊपर सील भी है. मैं समझा बंबईवालेच बढ़ाए." वर त्या लाल ठिपक्यासाठी त्यांनी छपाईची वेगळी जाळी, म्हणजे स्क्रीन, केली होती. भांडायला गेलेली मी, पण भांडणार कशावरून? थिनरनं पुसून पाहिलं, तर कुंकवाबरोबर हत्तीचं कपाळही निघायला लागलं.

बाईंनी त्याच दुपारी मुंबईला फोन करून सगळं सांगितलं. मी म्हटलं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यांनी ऐकलं नाही. दोन दिवसांनी कंपनीचे साहेब माडीवर आले, भाऊंनाही बोलावून घेतलं. वयानं लहान, माणूस वाईट नव्हता. "हा हत्ती सगळ्या धर्मांची मुलं बघतात, त्याला कुणा एकाचं करता येत नाही," म्हणाले. ते मलाही पटलं. मग त्यांनी करार काढला. चूक बनवणाऱ्याची असेल तर सगळा माल एजन्सीच्या माणसासमोर कापून टाकायचा. चूक एजन्सीची असेल तर बनवणाऱ्याला माल विकू द्यायचा, पण एजन्सीचा हक्क काढून घ्यायचा.

"तर चूक कुणाची?" साहेबांनी विचारलं.

भाऊ उभे राहिले. "माझी, साहेब. मी इचारायला पाहिजे व्हतं. बाईंचं कायबी चुकलं नाय." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी पेन उघडलं. मी बाईंच्या साडीचा पदर टेबलाखाली ओढला. एकच हत्ती होता आमच्याकडं. तो गेला तर एजन्सी गेली, आणि माझं करमाडहून येणं संपलं.

"भाऊ, बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. "साहेब, शिक्का बसल्यावर सॅम्पलला हात लावायचा नसतो, हे मला माहीत असायला हवं होतं. मी लावला. चूक एजन्सीची."

"बाई, नीट विचार करा. तुमच्याकडे मग काही राहणार नाही."

"केला विचार. लिहा."

साहेबांनी लिहिलं, बाईंनी सही केली. भाऊ बाईंच्या पाया पडायला वाकले तशा बाई ओरडल्या, "आधी टेम्पो बघा, दुकानदार खोळंबलेत!" ती दप्तरं पुढं आठवडाभरात संपली. आमच्या दारावरचं इंग्रजी नाव तसंच राहिलं, आत मात्र बाई संध्याकाळी चित्रकलेचे वर्ग घेऊ लागल्या. त्या वर्गांवर माझा पगार चालू राहिला, पुढचा हक्क मिळेपर्यंत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी साहेब आणि भाऊ जिना उतरले आणि माझा तोल सुटला. मी रडत रडत बाईंवर ओरडले. "तुम्ही गप बसला असता तर? तो माणूस सोताहून कबूल करत व्हता! आपला हत्ती राह्यला असता ना!"

बाईंनी मला बोलू दिलं. मग पाण्याचा पेला पुढं केला.

"राहिला असता गं," त्या म्हणाल्या. "पण मग बजाजनगरला कात्री घेऊन कोणाला जावं लागलं असतं? त्या बायका आपल्या हातानं शिवलेलं कापत बसल्या असत्या आणि तिथं उभं राहून बघणारं एजन्सीचं माणूस म्हणजे कोण? तूच ना?"

मी डोळे पुसले आणि पेला घेतला. माझ्यासाठी इतका पुढचा विचार तोवर कोणी केला नव्हता.