हुकूम कोणाचा?

"हौ, मदत घ्या की! पण हुकूम कोणाचा, ते विचारलात काय?" असं म्हणत सर टेबलावर डस्टर आपटायचे. पहिल्या बाकावरची पोरं पांढरी व्हायची.

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. जामबागेतल्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवत, मी मराठी. तुर्कस्तानच्या सुलतानाचा धडा आला की त्यांचा आवाज भिंत ओलांडून माझ्या कवितेत घुसायचा. खिळखिळं झालेलं साम्राज्य सुधारायला सुलतानानं जर्मन लष्करी अधिकारी बोलावले. त्यांतल्या एका सेनापतीच्या हाती राजधानीतली फौज गेली आणि रशियाचा तिळपापड झाला.

"मग दोन्हीकडच्या राजदूतांनी काय तोड काढली? अरे, बढती देववली त्याला! इतका मोठा केला की एवढीशी फौज सांभाळणं त्याला शोभेना. भांडण नाही, अपमान नाही. हुकूम तेवढा गेला!" आणि स्वतःच खो खो हसत.

पुढे देशाचे दरवाजे उघडले. एका परदेशी कंपनीनं कॉलेजला कॉम्प्युटर देऊ केले. अट एकच, इतिहासाचा वर्ग बंद करून ती खोली द्यायची. सर भर सभेत कडाडले, "कॉम्प्युटर शिकवा, कौन मना किया? पण आमचा कोणता वर्ग बंद करायचा, हे सांगणारे ते कोण?"

संस्थेचा सचिव सरांचाच जुना विद्यार्थी. त्यानं सरांना शाल पांघरवली, नारळ दिला आणि मानद संचालक केलं. संचालकाला तास नसतात.

"सर, तुम्हीच शिकवलंत ना," असं वर हसून म्हणाला. त्या हसण्याची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. धडा तेवढा पाठ केला मेल्यानं, शरम ऑप्शनला टाकली!

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं, तेव्हा सर सवयीनं खडू घेऊन आले. वर्गात कॉम्प्युटर मांडलेले, गालिचा अंथरलेला, एसी लावलेला, दारावर चपला काढायची पाटी. सरांनी चपला काढल्या, आत पाहिलं, पुन्हा घातल्या.

नव्या केबिनमध्ये त्यांना मोठी खुर्ची होती. समोर बाक नव्हते. मी डोकावलो की म्हणायचे, "बसा जी. काही तरी विचारा ना मला." मी विचारायचो. घंटा झाली तरी मला उठवत नसे.

पुढे नल्लकुंट्यातल्या आपल्या राहत्या घरी ते वारले. शोकसभा त्याच गार खोलीत, आम्ही सगळे अनवाणी. सचिव माइकवर म्हणाला, "आपले लाडके संचालक..."

"मास्तर होते ते!" मी मागून ओरडलो. "मास्तर म्हण!"

त्यानं घसा साफ केला आणि पुन्हा संचालकच म्हणाला.