दुकानातला फोन हॉलंडला गेला तेव्हा

आधीच सांगते, मी या फोरमवर भुताखेतांच्या गोष्टी वाचायला येत नाही. माझी भाची येते, तिच्यामुळे मीही वाचते. पण मागच्या आठवड्यात इथं कुणीतरी लिहिलं की असले अनुभव "एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या बायकांनाच" येतात, आणि बाकीच्यांनी त्यावर हसून घेतलं... ते वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय. म्हणून लिहायला बसले. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे. माहेर सेलूचं. वडिलांनी कधी भगताला उंबरा ओलांडू दिला नाही, आणि मीही आयुष्यात कुणाचा गंडा-दोरा बांधला नाही. हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढचं वाचून "बिचारी भोळी दिसते" असं कुणी म्हणू नये.

लग्न होऊन मी सोनपेठला आले. सासऱ्यांचं किराणा आणि सरकी-पेंडीचं दुकान ऐन बाजारात, आणि घर मागच्या गल्लीत. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. मामांनी एका बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या लिलावातून जुन्या फोनची जोडी आणली होती. लाकडी पेटी, बाजूला फिरवायचं हँडल, वर दोन घंट्या, खाली मसाल्यांचा... म्हणजे बॅटरीच्या सेलचा कप्पा. त्याला आमच्याकडं सगळे मसालेच म्हणायचे. एक फोन दुकानात, एक घरात, आणि मधल्या चार घरांच्या माळवदांवरून तार. गावच्या एक्सचेंजशी काही संबंध नाही. फक्त घर ते दुकान.

या फोनवर रोज एकच बोलणं व्हायचं. दुपारी आत्याबाई हँडल फिरवायच्या आणि म्हणायच्या, "लय येळ झाला, जेवायला या." तिकडून मामा म्हणायचे, "आलो." बस. मामा आल्याशिवाय आत्याबाई ताटाला हात लावायच्या नाहीत.

मामा गेले. त्याच्या पुढच्या वळवाच्या वाऱ्यात तारही तुटली, ती कुणी जोडली नाही. कप्प्यातले सेल गळायला लागले म्हणून मीच काढून टाकले. दोन्ही फोन आपापल्या भिंतीवर नुसते लटकून राहिले. आणि आत्याबाईंचं दुपारचं जेवण सुटलं. सकाळी अर्धी भाकरी, रात्री दूध. ताट वाढलं की म्हणायच्या, "ठेव, जेवते मंग." ते मंग कधी यायचं नाही. वर्षभरात त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

आता माझे दीर, शिवराज भावजी. पुण्याला कंपनीत. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट ही. ते सुट्टीला आले आणि आल्या आल्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दुकानातला फोन काढून घरी घेऊन आले. कंपनीत हॉलंडचा कुणी गोरा माणूस आला होता म्हणे, त्याला जुने फोन जमवायचा नाद. त्याला भावजींनी फोटो दाखवून सौदा करून टाकला होता. आईला विचारलं नाही, भावाला विचारलं नाही.

"भंगार तर हाय वहिनी," म्हणाले. "तिकडं निदान काचंच्या कपाटात बसंल."

आमचे हे मोठे, पण धाकट्या भावापुढं तोंड उघडणार नाहीत. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "जोडीतला एकच कामून न्यायलास शिवा?" सुट्टी संपली, भावजी पुण्याला निघून गेले, आणि पार्सल पाठवायचा जिम्मा कुणावर? माझ्यावर. सौदा भावजींनी करायचा आणि घाम आम्ही गाळायचा.

पार्सल मी घरीच बांधलं. खोक्यात पेंडीच्या पोत्याचे तुकडे कोंबले, वरून मांजरपाटाचं कापड शिवायला घेतलं. तेवढ्यात आत्याबाई पितळी मापात ज्वारी घेऊन आल्या. फोनच्या कपाळाला भस्म लावलं आणि सेलच्या त्या रिकाम्या कप्प्यात मूठभर ज्वारी ओतून दार लावून घेतलं.

"आत्याबाई, हे काय करायलात?"

"रिकामं कसं धाडावं गं. शेजारचीची वाटी तरी आपण रिकामी परत देतो का?"

आमच्याकडं कुणाच्याही घरी भांडं रिकामं जात नाही. साखर घाला, दाणे घाला, काही नसलं तर धान्य घाला. मी ते पाहिलं आणि वरून टाके घातले. यात काय चुकलं ते आजतागायत मला कुणी सांगू शकलेलं नाही.

परभणीला दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला नामांतराच्या कुठल्याशा बंदमुळं एसटी अर्ध्या रस्त्यातून परत फिरली. दुसऱ्या खेपेला पोस्टातले साहेब पार्सलावरचं 'जुना टेलिफोन' वाचून माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी फोन चोरून आणलाय.

"बाई, फोन सरकारी असतो. तुमचा कसा?"

मी त्यांना सगळी जोडी, जिनिंग, माळवदावरची तार समजावून सांगितली. ते म्हणाले एक्सचेंजवाल्यांकडून लिहून आणा की हा फोन त्यांचा नाही. एक्सचेंजवाले म्हणाले, जी वस्तू आमची नाहीच ती आमची नाही असं आम्ही कसं लिहून देऊ? उन्हात या दारातून त्या दारात. शेवटी एका भल्या गृहस्थानं सही दिली, लाखेचे ठसे बसले, पार्सल बोटीनं जायला निघालं. भावजींनी या सगळ्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही, हेही इथंच सांगून ठेवते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, भर दुपारी, मी चुलीपाशी होते आणि घरातला फोन वाजला.

तार तुटलेली. तिचं टोक मी स्वतः गुंडाळून खिळ्याला अडकवलेलं. आत सेल नाहीत. घंटी वाजायला तिकडून कुणीतरी हँडल फिरवावं लागतं, आणि तिकडचा फोन तर बोटीत. मी तव्यावर भाकरी तशीच टाकून बाहेर आले. आत्याबाईंनी फोन कानाला लावला होता. चेहऱ्यावर ना भीती ना काही. त्या म्हणाल्या, "कुठवर आलात? लय येळ झाला." थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "वाढ."

आणि जेवल्या. दीड भाकरी, वरण, वर ठेचा मागून घेतला.

मला वाटलं भास. दोघींना एकदम कसा होतो ते माहीत नाही, पण मी तसं मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी परत वाजला. तिसऱ्या दिवशी मी आत्याबाईंच्या आधी धावले. कानाला लावला... पाणी होतं. येलदरी धरणाचे दरवाजे सोडल्यावर लांबून येतो तसला आवाज, पण थांबतच नव्हता. मधूनच लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा. कुणी बोलत नव्हतं. मला राग आला, खरं सांगते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही आणि हे माझ्याच कानात ओतलं जात होतं. मी भिंतीवरून पेटी पुढं ओढून मागं पाहिलं. नुसता चुना.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, उंदीर असतील. उंदीर घंटी वाजवतात का, विचारलं तर दुकानात निघून गेले. दुपारी घरी थांबून एकदा ऐका म्हटलं, तर गिऱ्हाईक कोण बघणार. पण अडीच-तीन महिने हे चाललं, आणि तेवढ्यात आत्याबाईंच्या अंगावर मांस चढलं. शेजारणी विचारायला लागल्या, कुठल्या वैद्याचं औषध चालू हाय म्हणून.

मग आवाज बदलला. पाणी गेलं. मोठ्या रिकाम्या गोदामात जड बुटांनी कुणी चालावं तसं ऐकू यायला लागलं. दोन दिवस तसं, आणि नंतर फोन वाजायचा बंद झाला. आत्याबाई ताटापुढं बसायच्या आणि भिंतीकडं बघायच्या. "ठेव, जेवते मंग" परत सुरू झालं. या खेपेला दूधही सुटलं.

त्यांनी काय केलं असेल? मापातून मूठभर ज्वारी घेतली आणि घरातल्या फोनच्या कप्प्यात घातली. "तिकडं त्यानला रिकामं केलं कुणी तरी," म्हणाल्या. मी म्हटलं, कुणी कशाला रिकामं करेल. आठवड्याभरात भावजी स्वतःच येऊन दारात उभे राहिले, लालबुंद.

हॉलंडच्या कस्टमवाल्यांनी पार्सल फोडलं होतं. आत धान्य निघालं. बाहेरचं बी-बियाणं त्यांच्या देशात चालत नाही, म्हणून त्यांनी ती ज्वारी जाळून टाकली आणि रिकामा फोन त्या गोऱ्याच्या हवाली केला. मूठभर ज्वारी जाळली. कुणाच्या पोटात गेली असती तर देशाला काय कीड लागणार होती?

"माझी इज्जत गेली कंपनीत," भावजी म्हणाले. "माय, हे काय येड्यासारखं करायलीस? आणि हे फोन वाजायलाय म्हणून गावभर काय चाललंय?" गावभर म्हणजे मी आमच्या ह्यांना सांगितलं होतं, आणि ह्यांनी कधी नव्हे ते तोंड उघडून भावाला सांगितलं होतं. "हा दुसरा पण काढतो, घेऊन जातो. आणि तू चल माझ्यासंगं. पुण्यात डोक्याचा चांगला डॉक्टर हाय."

मी म्हटलं, "भावजी, त्या जेवत होत्या तीन महिने. बांगड्या बघा त्यांच्या. तुम्हाला त्यांना बरं करायचंय का गप्प करायचंय?"

"वहिनी, तुमी शिकलेल्या असून..."

"शिकलेली आहे म्हणूनच सांगते. मी स्वतः ऐकलंय."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू डॉक्टरकडं आता दोघींना न्यावं लागणार. आणि स्क्रू फिरवायला घेतले. पेटी भिंतीवरून सुटली, तिरकी झाली, कप्प्याचं दार उघडलं आणि ज्वारी फरशीवर सांडली. तेव्हा आत्याबाई खाली बसल्या आणि एकेक दाणा वेचायला लागल्या.

"ने बाबा," म्हणाल्या. "न्यायचा तर ने. पण रिकामा नको नेऊस, शिवा."

माणूस कितीही पुण्याचा झाला तरी आई जमिनीवर दाणे वेचताना उभं राहवत नाही. भावजी कुरकुरतच बसले, तिच्या ओंजळीतली ज्वारी घेतली, पेटी मांडीवर धरली आणि कप्प्यात भरून दार लावलं.

आणि पेटी त्यांच्या मांडीवर वाजली.

भिंतीला नाही, तारेला नाही, मांडीवर. भावजींनी माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि फोन कानाला लावला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला काहीच ऐकू आलं नाही. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. लहान पोराचा होतो तसा झाला होता. त्यांनी फोन आईच्या कानाला लावला. आत्याबाईंनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि उठल्या.

"विमल, ताटं कर. शिवाचं पण वाढ."

भावजींनीच पेटी परत भिंतीवर बसवली. डॉक्टरचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघून गेले. फोन त्यानंतर कधीच वाजला नाही, पण आत्याबाईंचं दुपारचं जेवण पुढं शेवटपर्यंत सुटलं नाही. "आले का मामा?" असं मी एकदा गमतीनं विचारलं, तर म्हणाल्या, "पोचले. आता काय घोर न्हाई." आणखी आठ-नऊ वर्षं जगल्या त्या.

आता माझा खरा राग ऐका. मी भावजींना किती वेळा विचारलं असेल, तुम्ही काय ऐकलं? एकच उत्तर, "वहिनी, तो विषय नको." आत्याबाईंच्या तेराव्याला पाहुण्यांमध्ये हा विषय निघाला, मी सांगायला लागले, तर हेच भावजी सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "वहिनीचं काय मनावर घेता, त्यांना गोष्टी रचायचा नाद हाय." मी पाणीच ऐकलं, बूटच ऐकले, ते खरं खरं सांगते म्हणून मी खोटी. आणि ज्यानं सगळं ऐकलं तो गप्प राहून शहाणा.

वाटणीच्या वेळी या माणसानं शेत मागितलं नाही, दुकानातला हिस्सा मागितला नाही. भिंतीवरचा तो भंगार फोन तेवढा मागून नेला.

मागच्या दिवाळीत मी पुण्याला त्यांच्याकडं गेले होते. भावजी आता रिटायर झालेत, जाऊबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. त्यांची सून मला हळूच म्हणाली, "काकू, पप्पा रोज दुपारी त्याचं हँडल फिरवतात, कानाला लावून उभे राहतात आणि मगच जेवायला बसतात. कुणाशी बोलतात हो?"

मी काय सांगणार? ते बाहेर गेले तेव्हा मी कप्प्याचं दार उघडून पाहिलं. आत ताजी ज्वारी होती.