किनाऱ्यावरची हाक

लहानपणी बुडी मारली की त्याचा दम टिकत नसे. आधी बुडबुडे वर यायचे, पाठोपाठ तो. तेव्हापासून वस्ती त्याला बुडबुड्या म्हणते. आता चाळिशी उलटली, पोट सुटलं, पण नाव काही सुटलं नाही.

पर्यटकांचं मोठं जहाज बंदराला लागलं की त्याचं काम सुरू होई. पाहुण्यांना होडीतून खाडीत न्यायचं, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी देऊन पाण्याखालचे मासे दाखवायचे आणि शेवटी धक्क्यावर बसवून इथल्या आदिवासींचा इतिहास सांगायचा. कामाला ठेवताना सहल कंपनीच्या मॅनेजरनं विचारलं होतं, तुम्ही मूळचे इथलेच, मग तुमचं खास असं काय आहे? बुडबुड्यानं डोकं खाजवलं. भाषा आजोबांबरोबर गेली होती, जुन्या होड्या चुलीत गेल्या होत्या. उरली होती एक हाक. कुणी पाण्यात गेलं आणि वर आलं नाही, की किनाऱ्यावरून ती लांबलचक हाक उठायची. ऐकेल तो हातातलं टाकून दोर घेऊन धावायचा.

बुडबुड्यानं ती ऐकवली आणि सांगितलं, ही आमची स्वागताची हाक. मॅनेजर खूश झाला. वस्तीतल्यांनी सुरुवातीला एकमेकांकडे पाहिलं, मग पाहणंही सोडलं.

बाप गेल्यावर त्याला आत्यानं वाढवलं होतं. पुढे ती डोंगरापलीकडे लेकीकडे राहायला गेली. गुडघे थकले तेव्हा त्यानं तिला धक्क्याजवळच्या आपल्या घरी आणलं. पायऱ्या, मोरी, औषधं, सगळ्याचा विचार केला. हाकेचा तेवढा राहिला.

पुढचं जहाज आलं. त्यानं धक्क्यावरून हाक दिली आणि गल्लीतून आत्या धावत आली, अनवाणी, हाताला साबण. कपडे वाळत घालायची दोरीच तिनं ओढून आणली होती. तिच्या टोकाला त्याचा सदरा अजून लोंबत होता. कंबरभर पाण्यात शिरून ती विचारत होती, कोण गेलं, कुठे गेलं? पाहुणे टाळ्या वाजवू लागले, फोटो काढू लागले. बुडबुड्या त्यांच्याकडे वळून हसला.

"हासुद्धा कार्यक्रमातलाच भाग आहे," तो म्हणाला. मग आत्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "सापडला गं. वर आला."

"सुटले बाई," म्हणत ती पायरीवर मटकन बसली. मॅनेजरनं संध्याकाळी सांगितलं की म्हातारी झकास आहे, दर खेपेला आण. त्या रात्री जेवताना आत्यानं विचारलं, पोरगा आता बरा आहे ना? त्यानं ताटावरून मान वर केली नाही.

पुढच्या जहाजाला हाक द्यायचीच नाही, असं त्यानं ठरवलं. पण पाहुणे कपाळावर मास्क चढवून वाट पाहत होते, मॅनेजर खुणावत होता. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि त्याला आत्या दिसली. पायरीवर, पदर खोचून, मांडीवर दोरीचं वेटोळं. श्वास तसाच सोडून तो तिच्याकडे गेला.

"इथे काय करतेस, आत्या?"

"जहाज आलं की कुणीतरी बुडतं तुमच्याकडे. म्हटलं, आधीच येऊन बसावं. गुडघे आता पळू देत नाहीत रे."

तो तिच्या खालच्या पायरीवर बसला आणि पाण्याकडे बघत त्यानं सगळं सांगून टाकलं. कुणी बुडालं नव्हतं. कधीच.

आत्या मांडीवरची दोरी चाचपू लागली.

"तुझ्या बापासाठी मीच दिली होती ही हाक," ती म्हणाली. "बाजारातले लोक तराजू टाकून आले होते. आणि परवा माझ्याशिवाय कुणी हललं नाही. मला वाटलं, माणसं दगड झाली. शेजारणीच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलले मी तिला."

"मग? ती काय म्हणाली?"

"काही नाही. ऐकून घेतलं. तुझं नाव काढलं नाही तिनं."

टाळ्यांपेक्षा हे वाईट होतं.

आत्यानं दोरी त्याच्या हातात दिली. "चल. आधी तिच्या दारात."

ती दोघं गल्लीत शिरली तेव्हा मागे मॅनेजरनं वेळ जायला नको म्हणून स्वतःच हाक दिली. ऐकून ऐकून त्याला ती बरीच जमली होती. गल्लीत कुणी मान वर केली नाही. आत्याचा पाय तेवढा क्षणभर अडखळला, मग ती पुढे चालू लागली.